सासऱ्यांची कॅसेट, सुनेचा मोबाइल

स.न.वि.वि.

मी देवगड तालुक्यात राहते. वय चौतीस, प्राथमिक शाळेत शिक्षिका. आमच्या पडवीत दर शनिवारी रात्री जेवणं आटपली की गाण्याची बैठक बसते. सासरे (वय अठ्ठ्याहत्तर, मुंबईत छापखान्यात नोकरी करून गावी परतलेले), शेजारचे भजनी बुवा, पोस्टातून निवृत्त झालेले एक काका आणि मी. प्रत्येकाने आपण प्रत्यक्ष ऐकलेल्या एखाद्या गाण्याची हकिगत सांगायची, रेकॉर्डिंग असेल तर लावायचं, मग त्यावर बोलायचं, असा शिरस्ता. सासऱ्यांकडे दोनशेच्या वर कॅसेट आहेत. ‘कट्यार काळजात घुसली’ त्यांनी वसंतराव देशपांडे काम करत असताना आठ वेळा पाहिलं आणि ते आठही प्रयोग त्यांना वेगवेगळे आठवतात.

मी गाण्याकडे वळले ती २०१५च्या ‘कट्यार’ सिनेमामुळे. हे मी कधी लपवलं नाही. गेल्या जानेवारीत रत्नागिरीला थिबा राजवाड्याच्या आवारात आजच्या एका गायकाची मैफल ऐकली. अंगावर काटा आला. थोडं मोबाइलवर घेतलं होतं, ते बैठकीत लावलं आणि बोलून गेले, “यांच्यावर वसंतरावांचा प्रभाव आहेच, पण यांनी ते पुढे नेलं.” सासरे म्हणाले, “वसंतरावांका तू बगलंस खंय गो? ज्येंनी परतेक्ष आयकूक नाय, त्येंनी बोलाचा नाय.” त्यावर बुवा म्हणाले, वसंतरावांचं तरी काय, सगळं दीनानाथ मंगेशकरांचंच. पोस्टातले काका हसले. सासरे उठले आणि कॅसेट प्लेअरची वायर काढून आत घेऊन गेले.

त्याला चार शनिवार झाले. खटका आधीही एकदा उडाला होता. वसंतरावांच्या एका खासगी मैफलीची कॅसेट आहे, तिच्यातली पट्टी, म्हणजे गाण्याचा आधारसूर, सासरे पेटीवरची काळी एक सांगतात. माझ्या तानपुऱ्याच्या ॲपवर ती पांढरी दोन येते. तेव्हाही ते दोन दिवस बोलले नव्हते.

सासूबाई म्हणतात पाया पड नि मिटव. नवरा म्हणतो हेडफोन घे. गणपती दीड महिन्यावर आलेत. आमच्या घरच्या भजनाला पेटी सासरे वाजवतात आणि गातात बुवा, आणि आज दोघे एकमेकांच्या दारावरून मान वळवून जातात. माझं चुकलं का? आणि ज्याने प्रत्यक्ष ऐकलं नाही, त्याने खरंच बोलू नये का?

– एक सून, देवगड



ताई, नमस्कार.

त्या गायकाचं नाव तुम्ही पत्रात लिहिलं होतं, ते मी गाळलं. छापलं असतं तर पुढचे सहा आठवडे हे सदर त्या एका नावावरच चाललं असतं आणि ज्यांच्या घरात शेताच्या बांधावरून भांडणं आहेत त्यांची पत्रं तशीच पडून राहिली असती.

आधी तुमचं काय चुकलं ते सांगतो, म्हणजे बाकीचं मोकळेपणी बोलता येईल. ‘पुढे नेलं’ हे चुकलं. तुमच्या मनात कौतुक होतं, पण समोर बसलेल्या माणसाला ऐकू आलं ते ‘वसंतराव मागे पडले’. आणि वसंतराव मागे पडले म्हणजे गिरगावातला तो बाविशीतला पोरगाही मागे पडला, जो छापखान्यातली पाळी संपवून, हाताची शाई नीट न धुता, तिकिटाच्या रांगेत उभा राहायचा. शाईचं मी माझ्या मनाने लिहिलं. पण आठ वेळा एकच नाटक बघणाऱ्या माणसाचं असंच काहीतरी असतं. दुसरी चूक म्हणजे तुम्ही हे दोन शेजाऱ्यांसमोर बोललात. एकट्याला, चहा देताना बोलला असतात तर ते कदाचित म्हणाले असते, “लाव बघू परत.” सूनबाईंनी चारचौघांत हे म्हणणं आणि त्यावर पोस्टातल्या काकांनी हसणं, खरी ठेच तिथे लागली. मला विचाराल तर वायर त्या हसण्याने निघाली.

एवढी तुमची चूक. पाया पडण्याइतकी मोठी नाही. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, पण त्यांचा सल्ला या वेळी घेऊ नका. पाया पडलात तर बैठक सुरू होईल आणि तुम्ही तिच्यात कपबशा उचलण्यापुरत्या उराल. नवऱ्याच्या हेडफोनबद्दल काही बोलत नाही.

आता सासऱ्यांचा मुद्दा. प्रत्यक्ष ऐकलं नाही त्याने बोलू नये. ऐकायला भारदस्त आहे, मीही तरुणपणी हे पुष्कळांच्या तोंडावर फेकलं आहे. पण जरा हिशेब करा. मास्टर दीनानाथ १९४२ साली गेले. तुमचे सासरे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. म्हणजे तुमच्या पडवीत बसणाऱ्या एकाही माणसाच्या कानावर दीनानाथांचा आवाज प्रत्यक्ष पडलेला नाही. बुवांच्याही नाही. त्यांच्याकडे आहेत त्या जुन्या ७८च्या तबकड्यांवरून उतरलेल्या चाली, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. रंगभूमीवर पाऊण तास वन्समोअर घेणारा माणूस त्या तीन मिनिटांत कोंबलेला. आणि तरीही बुवा छातीठोकपणे म्हणतात की सगळं दीनानाथांचंच, आणि वसंतरावांमध्ये दीनानाथ दिसतात हे तुमचे सासरेही मान्य करत असतील. वसंतराव स्वतःच दीनानाथांना गुरुस्थानी मानत. म्हणजे न ऐकलेल्या माणसाबद्दल बोलायची परवानगी या घरात फार पूर्वीच दिली गेली आहे, फक्त ती तुमच्यापर्यंत आलेली नाही.

हा मुद्दा शनिवारी फेकून मारण्यासाठी तुमच्या हातात देत नाही. मारलात तर अचूक लागेल आणि मग गणपतीत पेटी वाजवायला तुम्हाला कुडाळहून मला बोलवावं लागेल. मी येईन, पण बरं दिसणार नाही.

बुवांचं ‘सगळं दीनानाथांचंच’ मात्र मला सोडवत नाही. त्यात आपल्या कोकणाचा एक धागा आहे, तो त्यांना ठाऊक नसेल तर सांगा, खूश होतील. दीनानाथांच्या गाण्यातली ती आक्रमक, अचानक झेप घेणारी तान कुठून आली? त्यांचे एक गुरू रामकृष्णबुवा वझे, आपल्या सावंतवाडी संस्थानातले. पोरवयात घर सोडून, हाल काढत ग्वाल्हेरपर्यंत गेले आणि निसार हुसेन खाँसाहेबांकडे शिकले. पुढे दीनानाथांच्या नाटक कंपनीच्या, बळवंत संगीत मंडळीच्या, नाटकांना वझेबुवांनी चाली दिल्या. ‘संन्यस्त खड्ग’ घ्या. सावरकरांनी ते रत्नागिरीत स्थानबद्ध असताना लिहिलं, १९३१ साली रंगभूमीवर आलं. नाटक रत्नागिरीत लिहिलेलं, चाली सावंतवाडीकडच्या माणसाच्या, गाणारा मंगेशीचा. मधला किनारा तेवढा तुमचा देवगडचा. त्यातली ‘मर्मबंधातली ठेव’ तुमच्या बैठकीत कुणी ना कुणी लावलीच असेल. तिच्यात ग्वाल्हेर किती आणि दीनानाथ किती, हे बोटाने दाखवायला सांगा बुवांना. अवघड जाईल. खाडीच्या मुखाशी उभं राहून पाण्यातलं नदीचं किती आणि समुद्राचं किती असं विचारल्यासारखं आहे ते. भरती-ओहोटीप्रमाणे उत्तर बदलतं.

तेच वसंतरावांचं. मूर्तिजापूरचा मुलगा, नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे शिकला, लाहोरला असद अली खाँसाहेबांकडे बसून महिनोन्‌महिने फक्त मारवा राग घोटला, मुंबईत अमान अली खाँसाहेबांचं घेतलं, आणि हे सगळं पोटात ठेवून चोवीस वर्षं पुण्यात मिलिटरी अकाउंट्समध्ये कारकुनी केली. दीनानाथांचं बेदरकारपण त्यांच्यात होतंच. पण ‘सगळं’? मग तो मारवा कुणाचा?

आणि आता माझा खरा राग. तुम्ही चौघं गाणारी माणसं, ‘कट्यार’वरून भांडलात, वसंतराव झाले, दीनानाथ झाले, आजचा गायक झाला. पत्र मी तीनदा वाचलं. जितेंद्र अभिषेकींचं नाव एकदाही नाही. अहो, १९६७च्या त्या नाटकाचं संगीत त्यांचं! पुरुषोत्तम दारव्हेकरांनी दोन घराण्यांचं, पंडितजींचं आणि खाँसाहेबांचं, वैर लिहिलं. ते वैर कानाला ऐकू येईल असं केलं अभिषेकीबुवांनी. एकच पद, ‘घेई छंद मकरंद’, नाटकात दोन चालींत आहे. पंडितजींची चाल वेगळी, खाँसाहेबांची वेगळी. शब्द तेच, संगीतकार तोच, आणि प्रेक्षकाला वाटतं की दोन वेगळ्या घरांतून दोन वेगळी माणसं गाताहेत. एका माणसाने दोन घराणी अंगात घेऊन ती पुन्हा वेगळी करून दाखवायची, म्हणजे त्याने किती ठिकाणचं पचवलं असेल! पचवलं होतंच. मंगेशीच्या देवळातलं भजन-कीर्तन घरचं, मग जगन्नाथबुवा पुरोहित, अझमत हुसेन खाँ, गुलुभाई जसदनवाला; आग्रा घराणंही झालं, जयपूरही झालं. ‘कट्यार’च्या तीन वर्षं आधी, १९६४ साली ‘मत्स्यगंधा’ करताना त्यांनी नाटकातलं पद आटोपशीर केलं, कथेला धक्का न लावता गायचं म्हणून. ज्यांना तासन्‌तास वन्समोअरची सवय होती त्यांना तेव्हा तेही आवडलं नसणार. प्रत्येक पिढीत एक सासरे असतात.

म्हणून तुम्ही सिनेमातून आलात याची लाज सोडून द्या. मुळात तुम्ही लपवलं नाहीत हे चांगलंच केलंत, पण पत्रातला तुमचा सूर कबुलीजबाबाचा आहे. त्या सिनेमात खाँसाहेबांसाठी आवाज कुणाचा? राहुल देशपांड्यांचा, म्हणजे ज्यांनी ती भूमिका रंगमंचावर उभी केली त्या वसंतरावांच्या नातवाचा. सदाशिवसाठी, म्हणजे पंडितजींच्या शिष्यासाठी, महेश काळे, अभिषेकीबुवांचे शिष्य, त्यांना त्या सिनेमातल्या गाण्याबद्दल राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. तुम्ही ज्या दारातून आत आलात त्याच्या चौकटीवर दोन्ही घरची माणसं उभी होती. तुमचे सासरे कुठल्या दारातून आले असतील? बहुधा चाळीतल्या दुसऱ्या कुणाच्या तरी रेडिओतून. तेही मूळ गाणं नव्हतंच.

प्रत्यक्ष ऐकण्याबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण तिथे सासऱ्यांचं म्हणणं पूर्ण चूक नाही.

मी पेटी वाजवतो. भजनाच्या साथीला तीसेक वर्षं गेली. अठरा-एकोणीस वर्षांचा असताना मालवण तालुक्यात एका जत्रेत डबल बारी ऐकली होती. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: दोन भजनी बुवा, दोन संच, समोरासमोर. एकाने आपली बारी करायची, अभंग, गौळण, मग गजर, मध्येच समोरच्याला कोड्यात पकडायचं, चिमटे काढायचे. मग दुसऱ्याने उत्तर द्यायचं. असं उजाडेपर्यंत. त्या रात्री पहाटे चारच्या सुमाराला एका बुवांनी गजर असा काही धरला की पखवाजवाला आणि झांजवाले हवेत असल्यासारखे वाटायला लागले, आणि मी ठरवलं की पेटी शिकायची. पुढे वीस वर्षं मी ती रात्र लोकांना सांगत आलो. असा गजर परत झाला नाही, होणार नाही.

मग एकाने त्याच रात्रीचं टेप मिळवून आणून दिलं. ऐकलं. बुवांचा घसा पार बसलेला होता. पेटीवाला (आता मला कळतं) दोनदा चुकीच्या सुरावर उतरला होता. गजर चांगला होता. चांगला, एवढंच. मी ते टेप परत दिलं आणि कुणाला सांगितलं नाही, आज पहिल्यांदा लिहितोय. टेपमध्ये जे नव्हतं ते असं: घरी न सांगता मी सहा मैल चालत गेलो होतो, गॅसबत्तीच्या उजेडात शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने मला आपल्या घोंगडीचं टोक दिलं होतं, आणि समेवर आलं की ती सगळी घोंगडी हलायची. मला जे झालं ते झालंच होतं. खोटं नव्हतं. पण त्यातलं बुवांचं किती आणि घोंगडीचं किती, हे मला आजही सांगता येणार नाही.

तुमचे सासरे आठ प्रयोगांबद्दल बोलतात तेव्हा ते ती घोंगडी सांगत असतात. आणि तुम्ही थिबा राजवाड्याच्या मैफलीबद्दल बोलता तेव्हा तुम्हीही. जानेवारीतली गार हवा, खाली भाट्याची खाडी, देवगडहून एवढ्या लांब एकटीने गेल्याचा तो थरार. ते तुमच्या मोबाइलमध्ये उतरलेलं नाही. तुम्ही पडवीत बटण दाबलंत तेव्हा तुम्हाला सगळी रात्र ऐकू आली. सासऱ्यांना एक बारीक, खरखरीत आवाज.

आणि तो आवाजही खरा नव्हता, हे त्यांच्या बाजूने सांगतो. मोबाइल आपल्या मनाने आवाज सारखा करतो. गायक हळू गुणगुणला की फोन आवाज वर ओढतो, त्याने तार सप्तकात झोकून दिलं की दाबतो. म्हणजे ज्या चढ-उतारासाठी तुमच्या अंगावर काटा आला तो फोनने इस्त्री फिरवून सपाट केला. त्यावरून त्या गायकाला जोखणं अन्यायच.

पण कॅसेटही निष्पाप नाही. आता तुमच्या पट्टीच्या भांडणाकडे येतो, कारण पत्रातला हा भाग मला सगळ्यांत आवडला. काळी एक की पांढरी दोन? अर्ध्या सुराचा फरक. तुमचं ॲप बरोबर आहे आणि सासरेही बरोबर असू शकतात. खासगी मैफलींचं रेकॉर्डिंग त्या काळी बऱ्याचदा सेलवर चालणाऱ्या टेपरेकॉर्डरवर व्हायचं. सेल उतरत आले की मोटर मंदावते, फीत हळू सरकते. हळू भरलेली ती फीत नंतर नीट वेगाने चालणाऱ्या यंत्रावर लावली की सगळं जलद वाजतं आणि सूर वर चढतो. वेगात शेकडा सहाचा फरक पडला की अर्धा सूर गेलाच समजा. एक प्रयोग करा: ती कॅसेट सुरुवातीला ॲपवर तपासा आणि शेवटी पुन्हा तपासा. शेवटी पट्टी आणखी वर गेली असेल तर सेल मैफलभर मरत होते. मी अशा कॅसेट पाहिल्या आहेत, आणि त्यांच्यावरून ‘बुवा रंगले की पट्टी सुद्धा चढायची’ असं डोळे मिटून सांगणारी माणसंही पाहिली आहेत. पेटीवाल्याला विचारा म्हणावं, पेटी मध्येच अर्धा सूर कशी चढली ते! तुमचे सासरे पेटी वाजवतात ना? त्यांना हे एका वाक्यात पटेल. आणि त्यांनी काळी एक म्हटलं ते कॅसेटवरून नसेलच, वसंतराव समोर गाताना कानात बसलेल्या सुरावरून असेल. प्रत्यक्ष ऐकलेल्या माणसाचा उपयोग असा असतो.

केसरबाई केरकर आठवल्या. गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या केरी गावच्या. १९७७ साली व्हॉयजर यानांसोबत अवकाशात जी तबकडी पाठवली तिच्यात त्यांची भैरवी आहे, ‘जात कहाँ हो’, साडेतीन मिनिटांची. अवकाशात कुणी असलंच आणि त्याने ती लावलीच, तर त्याच्यावर केसरबाईंचा जो काही प्रभाव पडेल तो त्या साडेतीन मिनिटांचा. त्याला तुमचे सासरे काय सांगणार, ‘परतेक्ष आयकूक नाय’?

प्रभाव कुणाचा किती, हे भांडण मिटणारं नाही आणि मिटू नये. बैठक मग कशावर चालवायची? पण ते भांडायची एक रीत आहे. ती तुमच्या बुवांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार, कारण भजनात आपण काय बोलतो? ‘अमक्या पदाच्या चालीवर’. त्यात कमीपणा वाटत नाही कुणाला. तुकोबांचा अभंग नाट्यपदाच्या चालीवर, गजर सिनेमाच्या चालीवर, आणि दशावतारात राजा तलवार टेकवून जे पद गातो त्यात कुठलं तरी जुनं संगीत नाटक ओळखू येतंच. आपल्याकडे प्रभाव हा शब्द नव्हता तेव्हापासून ही देवघेव चालू आहे, आणि ती नेमकी आहे: कुठली चाल, कुठली ओळ, कुठली जागा. तुम्ही म्हणालात ‘पुढे नेलं’, बुवा म्हणाले ‘सगळं दीनानाथांचं’, सासरे म्हणाले ‘बोलाचा नाय’. तिघांनीही एक जागा दाखवली नाही. तुमच्या त्या गायकाच्या गाण्यात नेमकी कुठली तान वसंतरावांसारखी सुटली? ती कुठे वेगळी वळली? तेवढे वीस सेकंद काढा, दोनदा-तीनदा ऐका, मग तोंड उघडा. मी पैजेवर सांगतो, असं केल्यावर निम्म्या वेळा तुम्हालाच वाटेल की आपण म्हणत होतो ते तितकंसं खरं नाही. उरलेल्या निम्म्या वेळा सासरे म्हणतील, “थांब, ती जागा परत लाव.”

आता करायचं काय ते. शनिवारची वाट बघू नका. मधल्या एखाद्या संध्याकाळी, ते एकटे असताना, ती पट्टीची भानगड घेऊन जा. सेलचं सांगा. माफी मागायचीच असेल तर फक्त ‘पुढे नेलं’ची मागा, मैफल आवडल्याची मागू नका. मग ती कॅसेट लावायला सांगा. वायर त्यांच्याकडेच आहे, त्यांनाच आणावी लागेल.

शनिवारी बैठक जमली की ‘घेई छंद’च्या दोन्ही चाली पाठोपाठ लावायची सूचना बुवांकरवी करा. तुम्ही करू नका. बुवांनाही तोंड उघडायला काहीतरी निमित्त हवंच आहे, चार शनिवार झाले त्यांनाही. पोस्टातल्या काकांना त्या दिवशी सुपारी कातरायचं काम द्या.

आणि त्या खासगी मैफलीच्या कॅसेटबद्दल एक. सी-९० असेल तर एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. गाणारा काही आपल्या कॅसेटकडे बघून गात नाही, त्यामुळे अशा प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये एक ठिकाण येतं, तान अर्ध्यावर आणि खट्‌. बाजू उलटून पुन्हा बटण दाबेपर्यंतचं गाणं गेलेलं असतं. दुसरी बाजू सुरू होते तेव्हा लोक ‘वाहवा’ करत असतात आणि कशाला ते आपल्याला कधीच कळत नाही. तुमचे सासरे त्या मैफलीला हजर होते का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. विचारा. असतील तर तिथे थांबवा आणि त्यांना म्हणा, बाबा, इथे काय गायले होते?

ता. क. दोनशे कॅसेट आणि कोकणातला पावसाळा. फितीच्या कडेला पांढुरके ठिपके दिसले तर ती बुरशी. ती कॅसेट अजिबात लावू नका, यंत्राच्या हेडवरून ती बाकीच्यांना लागते. ज्या स्वच्छ आहेत त्या आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवून मगच वाजवा. कॉम्प्युटरवर उतरवून घेताना स्पीकरसमोर मोबाइल धरू नका, प्लेअरमधून वायरनेच घ्या, बाजू सलग घ्या, टाळ्या-खोकले कापू नका. आणि कव्हरवरच्या सासऱ्यांच्या अक्षराचा फोटो काढून ठेवा. छापखान्यातला माणूस आहे, अक्षर वळणदार असणार.